बोडक्या दऱ्यातलं धोंड्याचं जेवण

“सांग की, रविवारी हापिसात काम हाय म्हणून,” आदिनाथ दबक्या आवाजात म्हणाला.

रुपालीने फोनवर तळहात दाबून धरला होता. पलीकडून तिची आई, कासाबाई, रविवारचं धोंड्याचं जेवण पक्कं करत होती. अधिक महिना लागून आठवडाही झाला नव्हता, आणि निंबवाडीच्या मुंजाजी-कासाबाईंना जावयाला जेवू घालण्याची घाई झाली होती.

“रविवारी कुठलं आलंय हापीस?” रुपालीने नुसते ओठ हलवून विचारलं.

“ऑडिट हाय म्हणावं. ऑडिटला वार नसतो.”

रुपालीने नवऱ्याकडे एकदा नीट बघून घेतलं आणि फोनवरचा हात काढला. खोटं बोलताना तिचा आवाज नेहमीपेक्षा गोड होतो. “आई, ह्यांना सुट्टीच न्हाई गं. पुढच्या रविवारी येतोत,” असं तिने इतक्या गोडीने सांगितलं की कासाबाईने तिकडे जावयाच्या कष्टांबद्दल हळहळ व्यक्त केली.

आदिनाथ सेलूतल्या एका जिनिंगच्या कचेरीत कारकून होता. माणूस साधा, पण त्याला एक खोड होती. खोल काही दिसलं की ते तळाला कुठे जाऊन टेकतं, हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. लग्नाच्या वरातीत घोड्यावरून उतरून तो वाटेतल्या विहिरीत डोकावला होता, ही गोष्ट सासरवाडीत अजून सांगतात. अलीकडे मोबाईलवर त्याला वाळवंटातल्या घळी सापडल्या होत्या. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं पाठीवर भल्यामोठ्या थैल्या बांधून त्या घळींत उतरत, तिथेच राहत, तिथेच शिजवून खात, आणि आदिनाथ इकडे ताटातली भाजी गार होईपर्यंत त्यांच्याकडे बघत बसे.

त्याचं नशीब असं की सेलूत बन्सीधर सर निवृत्त झाले. भूगोलाचे शिक्षक. आयुष्यभर नकाशावर छडी फिरवून झाल्यावर आता प्रत्यक्ष पाय फिरवायचे, असं ठरवून त्यांनी एक चालणाऱ्यांचं मंडळ काढलं. जानेवारीत एका संस्थेबरोबर कच्छच्या वाळवंटातल्या घळीत जायचं होतं. तंबू, थैल्या, सगळं पाठीवर. सेलूच्या मंडळाला चार जागा मिळाल्या होत्या. एक सरांची. दुसरी धम्मानंदची, तो ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा आणि कुठल्याही प्रसंगी शांत राहायचा. तिसरी कापडदुकानवाल्या दिनकररावांची, ज्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि ते इतकं मनावर घेतलं जाईल याची त्यांना कल्पना नव्हती. चौथी आदिनाथची.

पण सरांनी परीक्षा न घेता कुणाला पुढच्या वर्गात घातल्याचा इतिहास नव्हता. “आधी तालीम होईल,” त्यांनी जाहीर केलं. “आणि ती मे महिन्यात होईल. थंडीत वाळवंट समजत नाही.” प्रवास जानेवारीत, म्हणजे थंडीतच आहे, हे सांगायची कुणाची छाती झाली नाही. “प्रत्येकाने आपलं ओझं आपल्या पाठीवर खाली न्यायचं आणि आपल्याच पाठीवर वर आणायचं. ज्याचं ओझं दुसऱ्याने घेतलं, त्याची जागा गेली.”

“पण सर, इथं घळ कुठाय?” दिनकररावांनी आशेने विचारलं.

तेव्हा आदिनाथनेच तोंड उघडलं. “निंबवाडीचा बोडका दरा,” तो म्हणाला.

चारठाण्याच्या पुढे डोंगरात निंबवाडी आहे. गावाला लागूनच जमीन एकाएकी फाटून खाली गेलेली. झाड नाही, गवत नाही, पाऊस संपला की पाण्याचा थेंब नाही, म्हणून बोडका दरा. लग्नाला सात वर्षं झाली तरी आदिनाथने त्याची फक्त वरची कड पाहिली होती. “खाली काय हाय, मामा?” असं तो दर वेळी सासऱ्यांना विचारायचा. मुंजाजी दर वेळी सांगायचे, “काय न्हाई. दगडं.” आणि स्वतः जाऊन बघावं म्हटलं, तर जावयाला सासरवाडीत बाजेवरून उठू देतं कोण? तो फार तर संडासापर्यंत एकटा जाऊ शके, आणि तिथेही मागून कुणीतरी पाण्याची बादली घेऊन येत असे.

दऱ्याचं नाव सांगून झाल्यावर आदिनाथला कळलं की आपण पायावर धोंडा पाडून घेतला आहे. दऱ्याची वाट सासऱ्यांच्या शिवारातून जात होती. सरांनी ठरवलेला रविवार आणि कासाबाईने ठरवलेला रविवार एकच निघाला. जेवायला गेलं तर दरा बुडाला. धोंड्याच्या जेवणानंतर माणूस अंथरुणाखेरीज कशातही उतरू शकत नाही. आणि जावई अधिक महिन्यात शिवारापर्यंत येऊन घरी न येता गेला असं कळलं, तर मुंजाजींना गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. म्हणून ते ऑडिट.

रविवारी दिवस उगवायच्या आत दोन मोटारसायकली निंबवाडीच्या फाट्यावर आल्या. गाड्या तिथल्या हॉटेलाजवळ लावून चौघे पायी निघाले. आदिनाथची थैली डोक्याच्याही वर गेली होती. वरती गुंडाळलेली सतरंजी, बाजूला पातेलं, हातात काठी. ओळख पटू नये म्हणून त्याने पांढऱ्या रुमालाने डोकं आणि तोंड बांधलं होतं आणि वर काळा चष्मा चढवला होता. नाक तेवढं श्वासापुरतं बाहेर ठेवलं होतं.

बांधावर सिताराम भेटला. हा मुंजाजींचा चुलतभाऊ. निंबवाडीत कुणाकडे काही घडलं की आधी ते सितारामला कळायचं आणि नंतर ज्याच्याकडे घडलं त्याला.

“कुठलं गाव, पाव्हणं?” त्याने विचारलं.

“सेलू,” धम्मानंद म्हणाला. सर आणि दिनकरराव पुढे गेले होते. आदिनाथ पाठ फिरवून समोरच्या उघड्या डोंगराकडे फार लक्षपूर्वक बघू लागला.

“सेलूत आमची पुतणी दिलीय की! जिनिंगमधल्या आदिनाथला. वळखता का?”

“नाव ऐकल्यासारखं वाटायलंय,” धम्मानंद शांतपणे म्हणाला.

तेवढ्यात पुढून सरांचा आवाज आला. चाळीस पोरांच्या गोंगाटावर मात करायची सवय असलेला आवाज. “आदिनाथ! तुमच्या थैलीचा पट्टा सैल झालाय! आवळा!”

आदिनाथ पडला आज्ञाधारक. त्याने पट्टा आवळला.

सिताराम एक शब्द बोलला नाही. तो कधीच गप्प बसत नसे, त्यामुळे हे लक्षण वाईट होतं. चौघे उताराला लागले न लागले तोच तो गावाकडे धावत सुटला.

“मुंजादादा, जावई दऱ्यात उतरायलाय!” त्याने अंगणातूनच ओरडून सांगितलं. “अख्खा संसार पाठीवर बांधलाय. सतरंजी हाय, पातेलं हाय, काठी हाय!”

मुंजाजी शेळ्यांना पाला टाकत होते. “बोलला का तुला?”

“तोंड बांधून घेतलंय. मला बघून पाठ फिरवली की!”

मुंजाजींनी पाला खाली ठेवला. निंबवाडीत माणूस दोनच कारणांनी अंथरूण पाठीवर घेतो. एक, मेंढरं घेऊन रानात राहायला जाताना, आणि दुसरं, घरात भांडण झाल्यावर. जावयाच्या पुढे मेंढरं नव्हती.

कासाबाईने लगेच लेकीला फोन लावला. “जावईबापू कुठं हायेत गं?”

रुपालीला धोक्याची जाणीव झाली नाही. ती आपल्या खोट्याला इमानाने धरून राहिली. “हापिसात. ऑडिट हाय की.”

“कवा गेले?”

“अंधारातच गेले.”

“येणार कवा?”

काम जितकं मोठं सांगावं तितकं खरं वाटेल, असा रुपालीचा हिशेब. “काई सांगता येत न्हाई म्हणाले. लय दिवसाचं तुंबलेलं हाय.”

कासाबाईने फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. “पोरीला काईच मालूम न्हाई. ती बिचारी हापिसात समजून बसलीय. घर सोडलंय त्यांनी.”

“रुसलाय,” मुंजाजी म्हणाले. “पोरीवर न्हाई, आपल्यावर रुसलाय. न्हाईतर आपल्याच दऱ्यात कशाला आला असता? काय चुकलं आपलं?”

कासाबाईचा चेहरा पडला. थोडा वेळ तिने पदराशी चाळा केला आणि मग खालच्या आवाजात सांगून टाकलं, “मागच्या धोंड्याला अनारसे बत्तीसच भरले व्हते.”

“तेहतीस पायजेत की!”

“केले तेहतीसच व्हते. एक मी चव बघायला खाल्ला.”

“अन् तीन वर्षं मनात धरून बसलाय व्हय तो!” मुंजाजी म्हणाले. त्यांना जावयाचा राग आला नाही. उलट, एवढ्या मानी घरात पोरगी दिल्याचं थोडं कौतुकच वाटलं.

आता रुसलेल्या जावयाला नुसत्या शब्दांनी कसं आणणार? जावई पुढच्या रविवारी येणार असला तरी अनारसे तळून झाले होते. कासाबाईने पुरण शिजायला टाकलं, कणिक मळली, सितारामच्या बायकोला हाताखाली घेतलं आणि बघता बघता पुरणाचे धोंडे वाफवून काढले. तुपाची बरणी, तांब्याचं ताट, निरांजन, हळदकुंकू, सगळं दोन पाट्यांत भरलं. मुंजाजींनी फेटा बांधला, एका हातात पाण्याची कळशी घेतली, आणि ते, कासाबाई अन् सिताराम असे तिघे दऱ्याकडे निघाले.

इकडे दऱ्यात चौघे अर्ध्यातच होते. त्याला कारण सर. खडकाचा थर बदलला की सर थांबत. काळ्या दगडांच्या मधून गेरूच्या रंगाचा एक पट्टा गेला होता, त्याच्यापुढे त्यांनी एक तास पूर्ण घेतला. दिनकररावांनी या थांब्यांचा फायदा करून घेतला. ओझं पाठीवरून उतरवायला बंदी होती, ते खाऊन हलकं करायला नव्हती. त्यांनी आधी चिवडा संपवला, मग केळी, मग लाडूंना हात घातला.

आदिनाथचा जीव मात्र पुढच्या वळणाला लागला होता. दरा नागमोडी होता, वळणापलीकडे पुन्हा वळण. ऊन भिंतींवरून हळूहळू खाली उतरत होतं, दगड तापत होते, पट्टे खांद्यात रुतत होते, आणि तरीही तो खुशीत होता. कुठून तरी थंड वाऱ्याची झुळूक आली. एवढ्या उन्हात, एवढ्या कोरड्या जागी थंड वारा कुठून? “सर, चला की पुढं,” तो पोरासारखा म्हणाला.

“जावईबापूऽऽ!”

दऱ्याने ती हाक घेतली आणि या भिंतीवरून त्या भिंतीवर टोलवत खालपर्यंत नेली.

“प्रतिध्वनी,” सर प्रसन्न होऊन म्हणाले. “समोरच्या कड्यावर आपटून ध्वनी परत—”

“सर, मागच्या कड्याकडं बघा,” धम्मानंद म्हणाला.

मागून फेटा, कळशी आणि दोन पाट्या उतरत येत होत्या. आदिनाथ पटकन एका दगडाआड बसला. तो लपला, पण थैली नाही लपली. मुंजाजी सरळ थैलीपाशी येऊन उभे राहिले.

“जावईबापू,” ते हात जोडून म्हणाले, “आमचं काई चुकलं असंल तर चारचौघांत बोला. दोन थपडा मारा. पर असं घरदार सोडून दगडात येऊन बसू नका.”

आदिनाथ उठला. रुमाल सोडला. “मामा, मी घर न्हाई सोडलं. आमी फिरायला आलोय.”

मुंजाजींनी चारी बाजूंना मान फिरवून पाहिलं. “इथं?”

“व्हय.”

“फिरायला मानूस औंढ्याला जातंय, नांदेडला जातंय. अन् फिरायला पातेलं कशाला लागतंय?”

“ते सरावाला. जानेवारीत कच्छच्या दऱ्यात उतरायचंय, त्याचा सराव.”

“तितं काय हाय?”

आदिनाथ थोडा अडखळला. “दगडं,” तो म्हणाला.

“म्हंजी दगडं बघायला जायचं, म्हणून दगडात सराव करायलाव?” मुंजाजींनी विचारलं. ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. आदिनाथने मदतीसाठी धम्मानंदकडे पाहिलं. धम्मानंद वरच्या एका घारीकडे बघत होता.

कासाबाई पदराआडून हळूच म्हणाली, “अनारशाचं काई मनात न्हाई ना?”

“कोणत्या अनारशाचं, मामी?”

कासाबाईने एवढा मोठा सुस्कारा टाकला की पाटीतली भांडी वाजली.

इथे सगळं मिटायचं. पण मुंजाजींची नजर जावयाच्या खांद्यांवर गेली. पट्ट्यांखाली सदरा घामाने काळा पडला होता. “सिताराम, ते आधी घे त्यांच्या पाठीवरचं! माझ्या शिवारात माझा जावई हमाली करायलाय. लोकं शेण घालतील तोंडात!”

“न्हाई मामा! हात लावू नका त्याला!”

“लाजू नका, लाजू नका,” म्हणत सिताराम पट्ट्याला झोंबला. जावई मागे सरला तसा मुंजाजींनी दुसरा पट्टा धरला. सासऱ्याशी झोंबाझोंबी करणं आदिनाथच्या संस्कारात बसत नव्हतं, आणि जावयाने संकोच करणं ही मुंजाजींच्या लेखी चांगल्या घराची खूण होती. जितका तो “नको” म्हणे तितका त्यांचा आग्रह वाढे. शेवटी थैली सितारामच्या हातात आली.

सरांनी चष्मा काढून पुसला. परीक्षेत पोराजवळ चिठ्ठी सापडल्यावर ते असाच चष्मा पुसायचे. आदिनाथने काय ते ओळखलं. कच्छ गेलं.

सिताराम थैली घेऊन चार पावलं चालला आणि खाली बसला. मुंजाजींचा गुडघा दुखरा. तेव्हा कासाबाई पुढे झाली. तिने आपली पाटी सितारामच्या मांडीवर ठेवली, पदराची चुंबळ केली, थैली डोक्यावर घेतली, आणि चालू लागली. पण चालू लागली ती खाली.

“अगं वर! वर जायचंय!” मुंजाजी ओरडले.

“आलोच हाव तर बघून येते.”

“काय बघतीस? काय न्हाई तितं!”

कासाबाई थांबली. डोक्यावर ओझं असल्यामुळे तिला मागे वळता येत नव्हतं, ती समोरच्या वळणालाच म्हणाली, “लगीन करून आले तवापून इचारायलेय. दर टायमाला दगडं म्हणता. एकदा तरी खाली जाऊन बघितलं का तुमी? सुना-बाळीनं उगं दऱ्यात जाऊ नाई म्हणून मी बी गेले न्हाई. आज कारणानं आलेय.”

आदिनाथ जागच्या जागी उभा राहिला. इतकी वर्षं तो त्या बाजेवर बसून ज्या गोष्टीसाठी तडफडत होता, तिच्यासाठीच आत चुलीजवळ आणखी कुणीतरी तडफडत होतं, आणि दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं. त्याला एकदम आपली सासू आवडली. आधीही आवडायची, पण ती अनारशांमुळे.

मग सगळेच तिच्या मागे निघाले. मुंजाजी बायकोसाठी, सर शिस्तीसाठी, दिनकरराव पाटीच्या वासाने.

शेवटच्या वळणापाशी दरा इतका अरुंद झाला की आडवं होऊन जावं लागलं. आणि पलीकडे पाऊल टाकताच अंगाला गारवा लागला. ऊन तिथे पोचतच नव्हतं. काळा दगड हाताला गुळगुळीत लागत होता आणि त्यात गोल, खोल रांजण कोरलेले होते. लहान, मोठे, एकात एक. काहींच्या बुडाला चेंडूसारखे वाटोळे दगड पडले होते. एका रांजणात अजून पाणी होतं, आणि थंडावा तिथूनच येत होता.

कासाबाईने थैली उतरवून कोपरापर्यंत हात त्या पाण्यात घातला. “हे कुणी कोरलं, मास्तर?”

“पाण्याने,” सर म्हणाले. “पुराच्या पाण्यात दगड अडकतो, गोल गोल फिरतो आणि खाली खाली पोखरत जातो.”

“किती वर्सं लागली असतील? आन् दगड झिजून संपला मंग? दुसरा येतो? पाऊस नसला तवा काम बंद ऱ्हातंय का?”

सर तिच्याकडे बघतच राहिले. उभ्या नोकरीत त्यांना पोरांनी एकच प्रश्न विचारला होता, हे परीक्षेला येणार आहे का? ते खाली बसले आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देऊ लागले. एकाचं त्यांना येत नव्हतं, तेही त्यांनी आनंदाने सांगितलं.

मग तिथेच धोंड्याचं जेवण झालं. जावयाला सपाट दगडावर सतरंजी घालून बसवलं, ओवाळलं, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे त्याच्यासमोर मोठ्याने मोजून दाखवले. अनारसे सगळ्यांत वाटले गेले, पण पुरणाचे धोंडे आणि वर तुपाची धार ही जावयाची वैयक्तिक जबाबदारी होती. “आणखी एकच,” असं मुंजाजी म्हणत आणि दरा त्यांना दुजोरा देई. जेवण आटोपलं तेव्हा आदिनाथला बसलेल्या जागेवरून उठायलाच दोघांचे हात लागले.

“मामी, द्या आता थैली,” तो क्षीण आवाजात म्हणाला.

“खाल्ल्यावर वजन उचलू नाई,” म्हणत कासाबाई ती घेऊन चढणीला लागलीसुद्धा.

वर लिंबाच्या सावलीत सगळे टेकले. दिनकरराव आडवे झाले ते हललेच नाहीत. सरांनी उभं राहून निकाल सांगितला. “धम्मानंद, उत्तीर्ण. दिनकरराव, थैली रिकामी आहे, पण पाठीवर आहे. उत्तीर्ण. आदिनाथ...” ते थांबले. आदिनाथने मान खाली घातली.

“मास्तर,” कासाबाई पदर खोचून पुढे आली, “त्यांचा काय गुन्हा? आमीच वढून घेतलं. धडधाकट मानूस हाय, घेऊन जा त्यांना. न्हाईतर मी हितनं हलणार न्हाई.”

सर विरघळले. जिने पाण्याला सुट्टी कधी असते असं विचारलं, तिला नाही म्हणणं त्यांना शक्यच नव्हतं. “ठीक. विशेष बाब म्हणून आदिनाथ उत्तीर्ण.”

आदिनाथला वाटलं, उडी मारावी. पोटातल्या धोंड्यांनी मारू दिली नाही.

कासाबाईने थैली त्याच्या हवाली केली. “मास्तर, तितला दरा ह्याच्यापरीस खोल हाय का?”

“खोल नसेल, पण रंगीत आहे. पिवळा दगड, तांबडा दगड, मध्येच जांभळा.”

“जांभळा दगड?” कासाबाई म्हणाली. तेवढंच. मग तिने पाट्या एकात एक घातल्या आणि शेळ्यांना पाणी दाखवायचं राहिलं म्हणाली.

आदिनाथने ते पाहिलं आणि त्याला वाईट वाटलं. पाहिलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं. तो स्वतःशी भांडत असतानाच मुंजाजी म्हणाले, “जावईबापू, धोंड्याचं वाण राहिलं. काय पायजे ते मागा. न्हाई म्हणायचो न्हाई.”

आदिनाथने पाणी पिऊन घेतलं. “माझी जागा मामीला द्यायची,” तो म्हणाला. “कच्छला त्या जातील.”

मग मुंजाजी समजुतीच्या स्वरात म्हणाले, “शेळी मागा की. गाभण हाय.”

“मागितलं ते मागितलं, मामा.”

“मुंजादादा,” सिताराम मध्ये पडला, “अधिकात जावयाला न्हाई म्हणता येत न्हाई.” ही खबर आपल्याच तोंडून गावात जाणार, याचं तेज त्याच्या चेहऱ्यावर आलं होतं.

“मला न्हाई बाई जमायचं,” कासाबाई म्हणाली, आणि त्याच दमात सरांकडे वळली. “थंडी लय असती का तितं?”

तेवढ्यात आदिनाथच्या मोबाईलला रेंज आली आणि तो थरथरू लागला. रुपाली होती.

“कुठं हाव तुमी? सितारामकाकाच्या घरून फोन आला, तुमी घर सोडलं म्हणून! काय चाललंय?”

आदिनाथने सगळं सांगितलं. शेवटचा भाग जरा सावकाश सांगितला, कारण तो त्याला स्वतःलाच फार आवडला होता. “अन् माझी जागा मी मामीला दिली,” असं म्हणून तो थांबला. बायकोला भरून येईल, अशी त्याची अपेक्षा होती.

“म्हंजी आई जाणार?”

“व्हय.”

“अन् मी?”

“तू?”

“रोज जेवताना तुमच्या मोबाईलमधी ते दरे अन् ते थैल्यावाले मी बी बघायलेय की! शेजारीच बसते ना मी? एकदा तरी इचारलं का, तुला यायचं का म्हणून?”

आदिनाथ आठवू लागला. विचारलं नव्हतं. एकदाही नाही. इतकी खोल खोल ठिकाणं बघितली, पण शेजारच्या पाटावर काय चाललंय ते बघायचं राहून गेलं होतं. त्याला मनापासून शरम वाटली.

सगळ्यांना फोन ऐकू येत होता. लिंबाखालून एक हात हळूच वर झाला. “माझी जागा द्या पोरीला,” दिनकरराव डोळे मिटूनच म्हणाले. “देवाशपथ द्या.”

दिवाळीत मायलेकींनी सरांसमोर दरा रीतसर उतरून आणि चढून दाखवला. जानेवारीत सेलूच्या स्टेशनावर सर, धम्मानंद आणि दोन थैल्यावाल्या बायका गाडीत बसल्या. कासाबाईच्या नऊवारीखाली नवे कोरे बूट होते आणि खिडकीची जागा तिने आधीच धरली होती. रुपालीने गाडी हलेपर्यंत गॅस कसा बंद करायचा ते दोनदा सांगितलं, आणि गाडी हलल्यावर मात्र मागे वळून पाहिलं नाही.

फलाटावर सासरा आणि जावई उरले. बायको गेल्यावर खाण्याचे हाल होतील म्हणून मुंजाजी आठवडाभर लेकीच्या घरी राहायला आले होते. ती लेकही त्याच गाडीने चालली आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याचा पुढचा अर्थ कुणी लावला नव्हता. आदिनाथला हेवा वाटत होता, भरपूर वाटत होता, आणि तरी गाडी दिसेनाशी होईपर्यंत तो हसत होता.

“जावईबापू,” मुंजाजी म्हणाले, “तुमाला भाकर थापता येती का?”

“न्हाई. तुमाला?”

“कवा येळच आली न्हाई.”

मग आदिनाथने खिशातून मोबाईल काढला, ‘भाकरी कशी थापावी’ असं शोधलं, आणि फलाटावरच्या बाकावर बसून सासऱ्याला बघता येईल असा मध्ये धरला.